ओआहूच्या झाडगोगलगायी : पेटीत जगवलेल्या जातीला 'वाचवलेली' म्हणायचं का?

समुद्रपक्षी

होनोलुलू शहर ज्या बेटावर आहे ते ओआहू. या बेटावर दोन डोंगररांगा आहेत, पूर्वेला कोओलाऊ आणि पश्चिमेला वायआनाए. या दोन रांगांवरच्या जंगलात अकाटिनेला नावाच्या झाडगोगलगायींच्या ४१ जाती राहत होत्या. जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. हवाईच्याच शेजारच्या बेटांवरसुद्धा नाहीत.

फोटो पाहिले नसतील तर जरूर शोधून बघा. दोन सेंटिमीटरच्या आसपासचा शंख, पण चकाकी अशी की लाख लावल्यासारखी. पिवळ्या, हिरवट, चॉकलेटी, पांढऱ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या. काहींचा शंख उजवीकडे वळतो, काहींचा डावीकडे आणि काही जातींत दोन्ही प्रकार सापडतात. रात्री पानांवर फिरून पानावरची बुरशीची साय खरवडून खातात. पानाला दातही लावत नाहीत. कित्येक गोगलगायी जन्मल्या त्याच झाडावर किंवा त्याच्या शेजारच्या झाडावर सगळं आयुष्य काढतात.

४१ पैकी आज दहाही जाती उरलेल्या नाहीत. १९८१ मध्येच हा सगळा गट अमेरिकेच्या कायद्याने 'धोक्यात' म्हणून जाहीर झाला होता. १ जानेवारी २०१९ ला 'जॉर्ज' गेला, अकाटिनेला अपेक्सफुल्व्हा या जातीचा शेवटचा जीव. वय साधारण १४ वर्षं. १९९७ मध्ये या जातीच्या उरलेल्या १० गोगलगायी जंगलातून प्रयोगशाळेत आणल्या होत्या, त्यांच्या वंशातला हा. बाकीचे एकेक करून गेले आणि जॉर्ज कित्येक वर्षं काचेच्या पेटीत एकटा राहिला. गोगलगाय उभयलिंगी असते, पण या जातीला पिल्लासाठी जोडीदार लागतोच. जंगलात शोधशोध झाली, दुसरा मिळाला नाही.

आज काही जाती अशाच फक्त पेट्यांमध्ये आहेत. तापमान आणि पाऊस यंत्राने सांभाळायचा, जंगलातून फांद्या आणून द्यायच्या, एकेका गोगलगायीची नोंद ठेवायची. मला वाटतं हे करायलाच हवं आणि अशा जातीला वाचवलेली म्हणावं. इथे हवाईतल्या माझ्या परिचितांत मात्र दोन तट आहेत. तुम्हाला काय वाटतं?

खेकडा

एका बेटावर ४१ जाती! आमच्या अख्ख्या गावात आडनावं इतकी नाहीत. बसलोय वाचत.

औशाचा शेतकरी

धाग्याचं नाव बघून आधी रागच आला, खरं सांगतो. २०२२ च्या जून-जुलैत आमच्या लातूर, बीड, उस्मानाबादकडं काय झालं ते पेपरात वाचलं असेल. सोयाबीन उगवून दोन पानांवर आलं की रात्रीतून गोगलगायी यायच्या आणि सकाळी तासच्या तास साफ. नुसते देठ उभे. दुबार पेरणी केली, तीही खाल्ली. लोक बॅटरी घेऊन रात्री शेतात, बादल्या भरून गोळा करायचे, दुसऱ्या रात्री तितक्याच हजर. शेवटी सरकारला नुकसानीची मदत जाहीर करावी लागली.

तुमच्या गोगलगायी सुंदर असतील, ना नाही. पण 'गोगलगाय वाचवा' हे आमच्या पारावर बोलून दाखवा.

तळ्यात मळ्यात

शेतकरीदादांशी सहमत. आणि एक शंका : गोगलगायीला खाणारं काही असेलच ना निसर्गात? औषध मारण्यापेक्षा ते आणून सोडलं तर?

सूक्ष्मदर्शी

मळ्यात, तुमच्या या शंकेतच ओआहूची सगळी कथा आहे. जरा सविस्तर लिहितो.

दादांचं सोयाबीन खाल्लं ती शंखी गोगलगाय, आफ्रिकी राक्षसी गोगलगाय. ती मूळची पूर्व आफ्रिकेची. भारतात ती चालत आलेली नाही. १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या शंखशास्त्राच्या शौकीन इंग्रज अधिकाऱ्याने मॉरिशसहून ती कलकत्त्याला आणली आणि चौरंगीतल्या एका बागेत सोडली. तिथून ती देशभर झाली. हीच गोगलगाय १९३६ मध्ये हवाईला पोचली आणि तिथल्या बागा, भाजीपाला खाऊ लागली. म्हणजे औशाच्या शिवारातला शत्रू आणि ओआहूच्या गोष्टीतला पहिला खलनायक एकच.

हवाईच्या शेतकी खात्याने तेव्हा अगदी तुमच्यासारखाच विचार केला. गोगलगायीला खाणारं काहीतरी आणू. १९५५ मध्ये फ्लोरिडाकडची युग्लँडिना रोझिया नावाची मांसाहारी गोगलगाय आणून सोडली. तिला तिकडे 'लांडगा गोगलगाय' म्हणतात आणि नाव सार्थ आहे. तोंडाजवळच्या मिशांसारख्या दोन अवयवांनी ती दुसऱ्या गोगलगायीच्या चिकट मागाचा वास घेते, माग धरून झाडावरही चढते आणि तिचा वेग इतर गोगलगायींपेक्षा बराच जास्त असतो. लहान गोगलगाय शंखासकट गिळते.

आता राक्षसी गोगलगायीचा प्रौढ शंख मुठीएवढा. ती एका वेळेला शंभर-दोनशे अंडी सहज घालते. तिच्यामागे लागण्यापेक्षा जंगलातल्या दोन सेंटिमीटरच्या, हळू चालणाऱ्या, पळून जायला जागा नसलेल्या झाडगोगलगायी सोप्या. राक्षसी गोगलगाय हवाईत आजही आहे. लांडगा डोंगरात गेला.

आणि अकाटिनेला अंडी घालतच नाही. एका वेळी एकच पिल्लू, तेही जिवंत, इवलासा शंख घेऊनच जन्मतं. वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पिल्लं. वयात यायलाच चार-पाच वर्षं किंवा जास्त. हवाई विद्यापीठातले मायकेल हॅडफील्ड १९७० च्या दशकात वायआनाएत अकाटिनेला मुस्टेलिना जातीच्या गोगलगायींच्या शंखांवर खुणा करून त्यांची वाढ मोजत होते. १९७९ च्या सुमाराला त्यांच्या अभ्यासाच्या जागी लांडगा पोचला आणि तिथली सगळी वस्ती संपली. पुढे त्यांनीच प्रयोगशाळेत गोगलगायी वाढवायला सुरुवात केली.

खेकडा

गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते या लांडग्याला बघूनच म्हटलं असावं.

औशाचा शेतकरी

सूक्ष्मदर्शी सर, ही आफ्रिकेची आहे हे माहीत नव्हतं. आमच्याकडं कुणी म्हणतं धरणाच्या पाण्यातून आली, कुणी म्हणतं पावसातून पडली.

समुद्रपक्षी

शेतकरीदादा, तुमचा राग अगदी रास्त आहे. इथल्या लोकांनाही तीच गोगलगाय नको आहे.

सरांच्या लिहिण्यात थोडी भर. लांडगा एकटा नाही. उंदीर आहेत, त्यातही झाडावर चढणारा काळा उंदीर. तो शंख कुरतडून आतला जीव खातो, झाडाखाली फुटक्या शंखांचा ढीग पडलेला असतो. आणि १९७२ मध्ये पाळण्यासाठी म्हणून आफ्रिकेतून आणलेले तीन शिंगांचे जॅक्सन सरडे सुटून जंगलात गेले, तेही आता गोगलगायी गिळतात. त्याआधी खालच्या उतारांवरचं जंगल गुरांनी आणि शेतीने गेलंच होतं. उरलेल्या गोगलगायी बहुतेक उंच धारांवर, जिथे ढग उतरतात तिथेच राहिल्या.

शंखवाला

मी शंख जमवतो (समुद्रातले, तेही किनाऱ्यावर रिकामे पडलेले). तेव्हा एका गोष्टीबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण अशा चर्चेत पुढे संग्राहकांवर सगळं खापर फुटतं.

१७८७ मध्ये कॅप्टन जॉर्ज डिक्सन ओआहूला गेला होता. तिथे त्याला शंखांची माळ मिळाली. त्या माळेतल्या शंखावरून १७८९ मध्ये त्याने अपेक्सफुल्व्हाचं वर्णन छापलं. वर ज्या जॉर्जचं लिहिलंय त्याचीच जात, आणि हवाईच्या जमिनीवरच्या गोगलगायींपैकी शास्त्रात नोंदली गेलेली ही पहिली जात. म्हणजे माळेतून जग ओळखायला लागलं आणि पेटीत संपलं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मात्र तिथे शंखांचं वेडच लागलं होतं. मिशनऱ्यांची मुलं, व्यापारी, सगळे डोंगरात जाऊन पोतीच्या पोती आणत. त्यातलाच एक जॉन थॉमस गुलिक, मिशनऱ्याचा मुलगा, जन्म १८३२, हवाईतच. त्याने हजारो शंख गोळा केले, पण नुसते कपाटात मांडले नाहीत. कोणता शंख कोणत्या खोऱ्यातला हे टिपून ठेवलं. मग त्याच्या ध्यानात आलं की एका खोऱ्यातून धार ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात गेलं की गोगलगाय बदलते. दोन्हीकडे पाऊस तोच, झाडं तीच, खाणंही तेच. मग फरक कशाने पडला? त्याने मांडलं की फक्त वेगळं राहिल्यानेच जाती वेगळ्या होत जातात, परिस्थिती निराळी असायलाच हवी असं नाही. १८७२ मध्ये याबद्दल त्याचं लिखाण प्रसिद्ध झालं, त्याच वर्षी तो डार्विनलाही भेटला. डार्विनच्या बरोबरीने उत्क्रांती मांडणाऱ्या वॉलेसला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं, आपल्या डोळ्यांना दोन खोरी सारखी दिसतात म्हणून गोगलगायीलाही ती सारखीच असतात असं नाही. हा वाद जीवशास्त्रात पुढे कितीतरी वर्षं चालला.

ते शंख गोळा झाले नसते तर यातलं काहीच कळलं नसतं.

कुसुमताई

शंखवाले, गुलिकचा अभ्यास मोठा, मान्य. पण त्यासाठी हजारो कशाला? वर्षाला चार-सहा पिल्लं होणाऱ्या जिवाचे हजार घेतले तर मागे काय राहणार? माळेसाठी थोडे शंख घेणं निराळं आणि पोतं भरणं निराळं. ज्यांच्या डोंगरात ते राहत होते त्या हवाईच्या माणसांना कुणी विचारलं होतं का?

शंखवाला

ताई, गोळा करणाऱ्यांनी नुकसान केलं हे मला मान्य आहे. माझं म्हणणं एवढंच की लांडगा, उंदीर आणि जंगलतोड नसती तर त्यातून त्या सावरल्या असत्या. आज संग्रहालयातल्या त्याच शंखांवरून कुठे काय होतं ते कळतंय. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात मृदुकाय प्राण्यांचे लाखो नमुने आहेत, त्यातल्या कित्येक जाती आज तिथल्या कपाटातच उरल्यात.

कुसुमताई

सावरल्या असत्या हे आपण आता कसं ठरवणार? दोघांचं थोडं थोडं बरोबर म्हणून पुढे जाऊ.

समुद्रपक्षी, मी कुठेतरी ऐकलं होतं की तिकडचे लोक या गोगलगायी गातात असं मानायचे. खरं आहे का?

समुद्रपक्षी

हो ताई, खरं आहे. जुन्या हवाईयन गाण्यांत, कहाण्यांत काहुली म्हणजे झाडगोगलगाय रात्री गाते. शास्त्रज्ञ म्हणतात तो आवाज त्याच झाडांवरच्या रातकिड्यांचा असावा, कारण गोगलगायीला आवाज काढण्याची सोयच नाही. पण इथल्या जुन्या घराण्यांतल्या माणसांना हे खुलासे ऐकून फारसा फरक पडत नाही. त्यांच्यासाठी काहुली गाते म्हणजे जंगल नीट आहे. २०२३ हे वर्ष हवाई राज्याने 'काहुली वर्ष' म्हणून जाहीर केलं होतं. शाळांमधून मुलांनी गोगलगायींची गाणी म्हटली.

भटकभवानी

थोडं अवांतर. श्रीलंकेत सिंहराजाच्या जंगलात मी अकावस नावाच्या झाडगोगलगायी पाहिल्यात. त्याही फक्त श्रीलंकेतच मिळतात, तीनच जाती. तपकिरी-पांढरा मोठा शंख, एकीच्या तोंडाची कड लालसर गुलाबी. गाईडने दाखवेपर्यंत मी फांदीवरची गाठ समजून पुढे चालले होते. पूर्व क्यूबात पोलिमिटा म्हणून आहेत, त्या तर रंगवल्यासारख्या दिसतात आणि त्यामुळेच चोरून विकल्या जातात. बेट आणि गोगलगाय यांचं काहीतरी आहेच.

सूक्ष्मदर्शी

भवानी, कारण सरळ आहे. गोगलगाय समुद्र ओलांडू शकत नाही. खारं पाणी लागलं की संपली. कधीतरी लाखो वर्षांत एखादी पक्ष्याच्या पिसाला चिकटून किंवा वाहत्या ओंडक्यावरून बेटावर पोचते. पोचली की तिथे तिला खाणारं कुणी नाही, स्पर्धेला कुणी नाही. मग एकेका खोऱ्यात तिची लेकरं वेगळी होत जातात. हवाई बेटांवर मिळून जमिनीवरच्या गोगलगायींच्या साडेसातशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्यात आणि जवळजवळ सगळ्या तिथल्याच. त्यातल्या निम्म्याहून जास्त आता नाहीत. शत्रूच नसल्याने पटापट पिल्लं घालण्याची गरज पडली नाही, आणि शत्रू आला तेव्हा तेच अंगाशी आलं.

हिशेबनीस

आतापर्यंत फक्त वाचत होतो. आता धाग्याच्या मूळ प्रश्नावर लिहितो, कुणाला आवडणार नाही तरी.

जी जात पेटीबाहेर जगू शकत नाही ती वाचलेली नाही. तिचं मरण पुढे ढकललंय. वीज, यंत्रं, रोज फांद्या तोडून आणणारी माणसं, आणि हे सगळं किती वर्षं? शेवट नाही. जॉर्जच्या पायाचा तुकडा २०१७ मध्ये सॅन डिएगोला गोठवून ठेवलाय असं मी वाचलं. त्यातून गोगलगाय उभी करता येते का? आज तरी नाही. इतका पैसा आणि इतकी हुशार माणसं जंगल राखण्यावर खर्च केली तर उरलेल्या जाती जंगलातच राहतील. ज्या गेल्या त्या गेल्या.

रानजाई

हिशेबनीस, "ज्या गेल्या त्या गेल्या" हे हिशेबाच्या वहीत सोपं आहे. पण काय गेलं ते आधी कळायला नको?

मी आंबोलीची. २०२१ मध्ये आमच्या आंबोलीतून अर्ध्या शंखाच्या गोगलगायीचा एक नवा गट शास्त्रज्ञांनी नोंदवला, वराडिया. वरद गिरी या सरीसृपतज्ज्ञांच्या नावावरून त्याचं नाव. जात अंबोलीएन्सिस. आंबोलीला पावसाळ्यात धबधब्यावर किती गर्दी असते सगळ्यांना माहीत आहे. इतक्या माणसांच्या पायाखाली एक अख्खा गट नाव नसलेला फिरत होता. उद्या तो धोक्यात आला तर निदान सांभाळायचं कसं, खायला काय द्यायचं, एवढं तरी माहीत असलेलं माणूस लागेल. ओआहूवर ते ज्ञान पेट्यांमुळेच आलं. पानावरची कुठली बुरशी यांना चालते, ती बशीत कशी वाढवायची, हे पेटीत गोगलगाय ठेवल्याशिवाय कुणाला कळलं असतं?

हिशेबनीस

ज्ञान मिळालं हे मान्य. पण मग त्याला अभ्यास म्हणा, वाचवणं म्हणू नका.

औशाचा शेतकरी

वाद चालू द्या, मला आमच्या कामाचं विचारायचंय. लांडगा नको हे पटलं. मग करायचं काय? मृग लागला की पुन्हा येणारच.

सूक्ष्मदर्शी

दादा, तुमच्याकडच्या कृषी विज्ञान केंद्रात हेच सांगतील, तरी लिहितो. पहिल्या पावसानंतर त्या जमिनीतून वर येतात, तेव्हाच गोळा करणं सगळ्यात उपयोगाचं, कारण अंडी घालायच्या आधी सापडतात. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी बांधाच्या कडेने ठेवा. सकाळी त्याखाली जमतात. गोळा करून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा आणि खोल पुरा. बांधावर चुन्याचा पट्टा ओढा, पावसाने धुतला की पुन्हा. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या शेवटचा उपाय, आणि त्या गुरं-कुत्र्यांच्या तोंडी लागणार नाहीत अशाच टाका. कुत्र्याला तर त्यांनी झटके येऊन मरण येऊ शकतं. महत्त्वाचं म्हणजे हे सगळ्या शिवाराने एकदम करायला हवं. एकट्याने केलं तर शेजारून येतात.

आणि हातमोजे घाला. उघड्या हाताने उचलू नका, पोरांना तर मुळीच देऊ नका. या गोगलगायीत एक बारीक जंत असतो, तो उंदरातून तिच्यात येतो आणि माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते.

औशाचा शेतकरी

हे पारावर वाचून दाखवतो. आमच्या इथली पोरं पैज लावून उचलतात.

समुद्रपक्षी

दादा, हवाईतही त्या जंताचे रुग्ण होतात, म्हणून इथे भाजी फार काळजीने धुतात.

हिशेबनीस, तुमचा मुद्दा टाळत नाही. पण तुम्ही 'पेटी की जंगल' असं धरलंय, आणि इथे चित्र तसं नाही. दोन्हीच्या मध्ये कुंपण आहे.

वायआनाए आणि कोओलाऊच्या धारांवर जंगलाचे छोटे तुकडे भिंतीने वेढलेत. भिंत माणसाच्या कमरेच्या वर, गुळगुळीत, वरची कड बाहेर वळवलेली, म्हणजे उंदराला चढता येत नाही. लांडग्यासाठी भिंतीच्या बाहेरच्या अंगाला तीन अडथळे असतात : खाली झुकलेली पट्टी, कातरलेल्या टोकांची तांब्याची जाळी आणि विजेच्या तारा. बाहेरची झाडं भिंतीपासून लांबपर्यंत छाटलेली, म्हणजे सरडा फांदीवरून उडी मारून आत येणार नाही. आत गोगलगायी सोडण्याआधी पालापाचोळा मूठ मूठ चाळून बघतात, एकही लांडगा राहिलेला नाही ना. नंतर पेटीत वाढलेल्या गोगलगायी तिथे सोडतात आणि अधूनमधून रात्री बॅटरी घेऊन मोजतात.

यातली बरीच कुंपणं अमेरिकन लष्कराच्या पैशातून झालीत. ओआहूवर त्यांची सरावाची ठिकाणं आहेत, त्या डोंगरात धोक्यातल्या जाती आहेत, आणि कायद्याने त्यांची जबाबदारी लष्करावर येते. मुस्टेलिना ही एकच जात, पण तिचे सहा जनुकीय गट मानून प्रत्येकाची वेगळी सोय केलीय. गुलिकने जे शंख बघून ओळखलं होतं तेच आता जनुकांत दिसतंय. एका धारेवरची दुसऱ्या धारेवर नेऊन चालत नाही.

पैशांचं म्हणाल तर हवाई राज्याच्या गोगलगाय-बचाव कार्यक्रमाचे डेव्हिड सिशो आणि त्यांच्या चमूकडे सगळ्या हवाईच्या गोगलगायींची काळजी आहे, आणि हा चमू छोटा आहे. एखाद्या ठळक पक्ष्यासाठी किंवा कासवासाठी जितका पैसा येतो त्याच्या आसपासही गोगलगायीला येत नाही.

खेकडा

गोगलगायीसाठी विजेचं कुंपण, आणि आमच्या गावात चार तास भारनियमन. जरा इकडेही पाठवा वीज.

पणजीकर

हिशेबनीसांनी "शेवट नाही" म्हटलंय म्हणून हे लिहितोय. ताहितीजवळच्या मूरेआ बेटावर पार्टुला नावाच्या झाडगोगलगायींच्या सात जाती होत्या. तिथेही तेच झालं. राक्षसी गोगलगायीवर इलाज म्हणून १९७७ मध्ये लांडगा सोडला, आणि दहा वर्षांच्या आत जंगलातल्या पार्टुला संपल्या. शास्त्रज्ञांनी वेळेत काही उचलून नेल्या. लंडन आणि इतर शहरांच्या प्राणिसंग्रहालयांत त्या पिढ्यान्पिढ्या पेट्यांत वाढल्या. चाळीसेक वर्षांचा हा खटाटोप. २०१५ पासून त्या परत बेटांवर सोडायला सुरुवात झाली, शंखांवर ठिपके लावून, म्हणजे सोडलेली कोण ते कळावं. मग मूरेआच्या जंगलात पार्टुला तोहिव्हेआनाच्या बिनठिपक्याच्या, म्हणजे तिथेच जन्मलेल्या मोठ्या गोगलगायी सापडल्या. २०२४ मध्ये त्या जातीचा दर्जा 'जंगलातून नामशेष' वरून सुधारून 'अतिसंकटग्रस्त' केला गेला.

तीसेक वर्षं ती जात फक्त पेट्यांत होती. त्यातल्या कुठल्याही वर्षी कुणी म्हटलं असतं की हे मरण पुढे ढकलणं आहे, तर ते वरकरणी खरंच वाटलं असतं.

ताहितीची अजून एक गंमत. पार्टुला हायलिना नावाची पांढऱ्या शंखाची जात लांडगा येऊनही टिकून राहिली. पांढरा शंख ऊन परतवतो, त्यामुळे ती जंगलाच्या कडेला उन्हात राहू शकते. लांडग्याला ते ऊन सोसत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे सिद्ध करायला शास्त्रज्ञांनी तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे संगणक वापरले, लांडग्यांच्या पाठीवर चिकटवून, किती ऊन लागतं ते मोजायला.

सूक्ष्मदर्शी

पणजीकर, फार छान लिहिलंत. आता ओआहूवरच्या कुणी पांढऱ्या शंखाच्या जाती उन्हाला सोडू असं म्हणू नये म्हणून सांगतो : त्या ढगात, ओलाव्यात वाढलेल्या आहेत. ऊन त्यांनाच आधी मारेल.

कुसुमताई

इतक्या जाती गेल्याचं वाचून मन खट्टू झालं. ओआहूवर अलीकडे नवीन काही सापडलं का?

समुद्रपक्षी

सापडलं ना ताई. २०२० मध्ये ऑरिक्युलेला गॅन्येओरम नावाची छोटी झाडगोगलगाय नोंदवली गेली, वायआनाएच्या रांगेतली. हवाईतल्या जिवंत गोगलगायींतली नवी जात नोंदली गेल्याला त्याआधी ६० वर्षं झाली होती. बिशप संग्रहालयातल्या जुन्या शंखांशी पडताळून ती वेगळी जात आहे हे पक्कं झालं. शंखवाल्यांना आवडेल ही बातमी.

शंखवाला

आवडली. छापून ठेवतो.

हिशेबनीस

पणजीकरांचं उदाहरण वजनदार आहे, नाकारत नाही. तरी दोन फरक. मूरेआत पेटीतून बाहेर काढायला जंगल होतं. ओआहूवर लांडगा, उंदीर, सरडे तिन्ही अजून आहेत, म्हणजे कुंपणातलं जंगल ही मोठी पेटीच. आणि दुसरं, जॉर्जच्या जातीला तर तेही मिळालं नाही. माझं मत थोडं बदलून असं : पेटीला मुदत हवी. कुंपण बांधून होईपर्यंत पेटी, आणि कुंपण बांधायचा पैसा आधी बाजूला काढलेला. नाहीतर आणूच नका.

रानजाई

आणूच नका म्हणजे डोळ्यांदेखत लांडग्याला खाऊ द्या? कुंपण उभं राहायला वर्षं जातात. धार उभी, रस्ता नाही, सामान हेलिकॉप्टरने जातं. तेवढ्या काळात वस्ती संपते.

समुद्रपक्षी

रानजाई, बरोबर. काही वस्त्यांत शेवटच्या पाच-दहा गोगलगायी उरल्यावरच उचलाव्या लागल्या, कारण पुढच्या खेपेला त्या असत्या याची खात्री नव्हती. तिथे पैसा आधी की गोगलगाय आधी असं विचारायला वेळच नव्हता. पण हिशेबनीसांचं एक मला पटलं : कुंपणाचा पैसा पेटीबरोबरच मागायला हवा. पेटी भरली की लोकांना काम झाल्यासारखं वाटतं आणि कुंपण मागे पडतं. माझ्यापुरतं उत्तर तेच राहतं. पेटीत जिवंत असलेल्या जातीला मी वाचवलेलीच म्हणेन, कारण मूरेआला परत गेलेल्याही आधी पेटीतच होत्या.

तळ्यात मळ्यात

मी वर विचारलेलं मागे घेत नाही, शंका विचारली म्हणूनच इतकं वाचायला मिळालं :) पण एक सांगा, तिथे डोंगरात फिरायला गेलं तर आपण काही नेऊ नये असं काय?

समुद्रपक्षी

बुटाला लागलेली माती. वाटेच्या सुरुवातीला काही ठिकाणी ब्रश ठेवलेले असतात, जाताना आणि येताना दोन्ही वेळा बूट घासायचे. मातीतून बिया जातात, बुरशी जाते, गोगलगायीची अंडीही जातात. झाडावर गोगलगाय दिसली तर हात लावायचा नाही आणि जागा कुणाला सांगायची नाही, फोटो टाकला तर ठिकाण लिहायचं नाही. कायद्याने त्यांना त्रास देणंही गुन्हा आहे.

औशाचा शेतकरी

मातीवरून आठवलं. आमच्याकडं गेल्या साली एकानं रोपवाटिकेतून आंब्याची कलमं आणली, पिशवीतल्या मातीत या शंखीची अंडी निघाली. पांढरी-पिवळी, ज्वारीपेक्षा मोठी. त्याच्या शिवारात तोवर एक पण नव्हती. आता मी सगळ्यांना सांगणार, कलम लावायच्या आधी पिशवी फोडून माती बघा.

सूक्ष्मदर्शी

दादा, नक्की सांगा. ट्रॅक्टरची चाकं, चाऱ्याच्या पेंढ्या, वाळूचे ट्रक यांच्याबरोबरही ती जाते. अंडी सापडली तर तिथेच चुरडून टाका, लांब फेकू नका.